तय-वा : डॉ. कोटणीसांच्या चिनी नावातला भाऊ

सोलापूरच्या माणसाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण हे सांगायला लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की १९३८ ला चीनच्या मदतीला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकातले हे आमच्या गावचे डॉक्टर, आणि ते परत आले नाहीत. भय्या चौकातलं स्मारक शाळेतून नाहीतर पाहुण्यांना दाखवायला म्हणून कधीतरी बघितलेलं असतंच, आणि चीनमधे त्यांना "ख तीह्वा" म्हणायचे हेपण बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण त्या नावातली शेवटची दोन अक्षरं एकत्र घेतली की चिनी साहित्यातला एक लई जुना शब्द तयार होतो आणि तो शब्द भावाभावांच्या नात्यासाठी वापरतात, ह्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांबेल, पण विषय असा आहे की दोन ओळीत उरकला तर त्यातली मजाच जाते.

आधी मी ह्या शब्दापर्यंत कसा पोचलो ते. मी कँटोनीज शिकायलोय. मँडरीन नाही, कँटोनीज, म्हणजे हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगझौच्या बाजूला बोलतात ती. मावसभाऊ हाँगकाँगला नोकरीला आहे, त्याच्याकडनं नाद लागला आणि मग सुटलाच नाही. शिकवणारे सर तिथलेच, रिटायर्ड मास्तर, रात्री ऑनलाइन शिकवतात. मी त्यांना "आ-सर" म्हणतो, हाँगकाँगच्या शाळांमधे पोरं मास्तरांना तशीच हाक मारतात, इंग्रजी सर पण पुढं त्यांचा तो "आ" लावायचा. तर ह्या आ-सरांनी मला जुन्या कवितांचं एक पुस्तक पोस्टानं पाठवलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर ब्रशनं माझं नाव लिहून त्याच्यापुढं दोन अक्षरं काढली होती. यिन तय. आणि खाली "वय छ्युन", म्हणजे कृपया जपून ठेवावे, पुस्तक भेट देताना लिहायची ही तिकडची पद्धत.

यिन म्हणजे गुणी, ते कळलं. तय हा आवाज पण ओळखीचा, कारण धाकट्या भावाला लेखी चिनीत जे अक्षर आहे त्याचा कँटोनीज उच्चार तयच होतो. पण पानावर जे काढलं होतं ते अक्षरच वेगळं. डाव्या बाजूला झाड. चिनी अक्षरात डावीकडं झाडाची ती खूण असली की समजायचं मामला लाकडाचा, फांदीचा, फळाफुलाचा आहे. भावाच्या जागी झाड कशाला लिहिलंय? पण हे झाडवालं अक्षर मी आधीपण बघितलं होतं, कोटणीसांच्या चिनी नावात, बरोब्बर मधलं अक्षर.

आता इथं कँटोनीज बोलण्यातली आणि लिहिण्यातली फारकत सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात, रस्त्यावर, हॉटेलात कुणी धाकट्या भावाला तय म्हणत नाही. बोलताना थोरला तो "ताय-लोउ" आणि धाकटा तो "सय-लोउ", ताय म्हणजे मोठा, सय म्हणजे लहान. (थोरल्यातला ताय लांब आणि आपला तय आखूड, दोन्ही वेगळे.) लिहायला बसलं की मात्र भाषा बदलते, पत्रात, निमंत्रणात, शोकसंदेशात सगळे जुने लेखी शब्द येतात आणि ते कँटोनीज उच्चारानं वाचले जातात. आपल्याकडं लग्नपत्रिकेत चि. आणि चि. सौ. कां. छापतात, पण "चिरंजीव, जेवायला ये" अशी हाक आज कोण मारतं, तसलाच हा प्रकार. "स्वतःचा धाकटा भाऊ" असं लोकांना सांगताना लिहायचं "सॅ-तय", म्हणजे माझ्या झोपडीतला भाऊ, आणि तुमच्या भावाबद्दल लिहायचं "लिंग-तय", तिथं लिंगमधे आदर. ह्या दोन्हीत साधं भावाचंच अक्षर. झाडवालं तय मात्र आणखी एक पायरी वर, ते मुख्यतः मोठ्यानं आपल्यापेक्षा लहान मित्राला नाहीतर गुरूनं शिष्याला लिहायचं. लिहिणारा मग खाली सही करताना स्वतःला "यू-हिंग" म्हणवतो, म्हणजे अडाणी थोरला भाऊ. समोरच्याला गुणी म्हणायचं, स्वतःला अडाणी. रक्ताचं नातं असायलाच पाहिजे असं नाही, आणि धाकट्यानं थोरल्याला हे लिहायचं नसतं, ते चुकीचं दिसतं. आज हाँगकाँगमधल्या तरुण पोरांनी हा शब्द वापरलेला दिसणं अवघडच, पुस्तकाच्या कोऱ्या पानावर, सुलेखनाच्या चौकटीत, जुन्या पिढीच्या पत्रात तो उरलाय.

पण झाड कुठनं आलं? त्यासाठी मागं जायला लागतं, अडीच-तीन हजार वर्षं. चीनमधला सगळ्यात जुना कवितासंग्रह, मँडरीनमधे शी-चिंग, कँटोनीजमधे सी-किंग, त्यात ३०५ कविता आहेत आणि त्यातल्या एकीची सुरुवात ह्या झाडापासून होते. आ-सरांनी ती कँटोनीजमधे म्हणून दाखवली, मी देवनागरीत उतरून घेतली.

सॉंग तय ची वा
ङॉक पत वय वय
फान कम ची यन
मॉक यू हिंग तय

अर्थ असा, की तय झाडाची ही फुलं कशी झळझळतायत, आणि आजच्या ह्या सगळ्या माणसांत भावासारखं कुणी नाही. पहिल्या ओळीतला तय झाडवाला, शेवटच्या ओळीतला तय भाऊवाला. आवाज एकच. दोन वेगळी अक्षरं चार ओळींच्या दोन टोकांना, आणि त्यामुळं पुढच्या काळात पत्र लिहिणाऱ्यांनी भावाच्या जागी झाडच लिहायला सुरुवात केली, वाचणाऱ्याला कविता माहीत असणारच ह्या विश्वासावर. पहिल्या ओळीतलं शेवटचं "वा" म्हणजे फूल, फुलाला हे जुनं अक्षर, आता फुलाला दुसरं अक्षर आहे. मग तय-वा, म्हणजे तय झाडाचं फूल, हा जोडशब्दच भावाभावांच्या प्रेमासाठी रूढ झाला.

ते दुसऱ्या ओळीतलं "वय" आणि चौथ्या ओळीतलं "तय", यमक ऐका. मँडरीनमधे ह्याच जागी "वेइ" आणि "ती" येतं, जुळत नाही. कविता रचली तेव्हा यमक होतं हे अभ्यासक सांगतात, पण मँडरीनवाल्याला ते कागदावर समजून घ्यावं लागतं आणि कँटोनीज बोलणाऱ्या पोराला मात्र नुसतं कानानं कळतं. प्रत्येक कवितेत असं होतं असं नाही, कँटोनीजपण बदललीच आहे, पण शब्दाच्या शेवटचे प, त, क आणि म तिनं सांभाळून ठेवलेत. वरच्या ओळींत बघा की, ङॉक, पत, कम, मॉक. मँडरीनमधे हे सगळे टोकाचे आवाज झिजून गेले, म बदलून न झाला आणि क, प, त पार गायब. मला कँटोनीजबद्दल जे एवढं वाटतं त्याचं अर्धं कारण हेच आहे.

आणि हे देवनागरीत लिहिताना जे सुख मिळतं ते रोमनमधे नाही. रोमनमधे हा तय लिहितात डी, ए, आय, मग इंग्रजी शिकलेला माणूस "डाय" नाहीतर "डे" वाचतो. खरं तर तिथं साधा त आहे, श्वास न सोडता. आणि रोमनमधे जिथं टी लिहितात तिथं आपला थ असतो. त आणि थ, क आणि ख, प आणि फ हा फरक आपण पहिलीत शिकलेलो असतो. चीचा च पण बघा, तो चहातला च नाही, चमच्यातला च आहे, मराठी माणसाला दोन्ही येतात. वरच्या दुसऱ्या ओळीची सुरुवात ङ नं झालीये. आपल्याकडं ङ पाटीवर गिरवून झाला की वाङ्मय सोडलं तर कुठं भेटत नाही, सुरुवातीला तर कधीच नाही, आणि इथं शब्दच त्यानं चालू होतो. हाँगकाँगमधली नवीन पिढी बोलताना तो गाळून नुसतं "ऑक" म्हणते, आ-सरांना ते अजिबात आवडत नाही. एवढं मात्र की चढ-उतार देवनागरीत दाखवता येत नाहीत. कँटोनीजमधे सहा सूर आहेत, आपला तय सहाव्या सुरात, आवाज खालच्या पट्टीत सपाट ठेवायचा, आणि वा चौथ्यात, खालूनच आणखी खाली सोडायचा.

झाडाबद्दल. हे चेरी-आलुबुखारच्या जातकुळीतलं बुटकं झुडूप, वसंतात फिकट गुलाबी-पांढऱ्या फुलांनी फांदी दिसेनाशी होते. दुसऱ्या शतकातला एक मोठा टीकाकार झंग शुआन, त्यानं दुसऱ्या ओळीचा अर्थ लावताना फुलाकडं नाही तर फुलाच्या खाली बघितलं. फुलाला खालून धरून ठेवणारा जो हिरवा पेला असतो, निदलपुंज, तो फुलाला आधार देतो आणि फुलाची चमक त्याच्यावर पडून तोपण उजळतो. थोरला-धाकटा असे. मला हा अर्थ वाचून इतकं बरं वाटलं, कारण नुसतं "फुलासारखे सुंदर भाऊ" असं म्हटलं असतं तर त्यात काही नव्हतं, इथं आधार देणारा आणि उजेड देणारा दोघांचं काम वेगळं करून दाखवलंय. ह्याच ओळीवरनं थांग घराण्यातल्या श्वानझोंग सम्राटानं ७२० साली आपल्या राजवाड्यात भावांसाठी एक मनोरा बांधला आणि त्याला फूल आणि निदलपुंजाचं नाव दिलं.

पण ही कविता गोडगोड नाहीये, आणि म्हणून मला ती जास्त पटते. एकूण आठ कडवी. परंपरेनं ती चौ ह्या जुन्या राजघराण्यातल्या सरदाराची, म्हणजे ड्यूक ऑफ चौ ह्याची मानतात, ज्याच्या सख्ख्या भावांनी बंड केलं आणि ते त्याला मोडून काढायला लागलं. म्हणजे भावाची थोरवी सांगणारी कविता भाऊबंदकीतनं आली. चौथ्या कडव्यात सरळ म्हटलंय की भाऊ घराच्या भिंतीआड भांडतात, पण बाहेरच्यानं अपमान केला की एकत्र उभे राहतात. वाचल्या वाचल्या मला युधिष्ठिराचं "वयं पंचाधिकं शतम्" आठवलं, आपसात आम्ही पाच आणि ते शंभर, परक्यापुढं आम्ही एकशे पाच. पाचव्या कडव्यात तर त्याहून खरं बोललाय, की संकट टळलं, शांतता झाली, की मग भाऊ असला तरी माणसाला मित्रच जवळचे वाटायला लागतात. बांधावरनं कोर्टात गेलेले भाऊ आपल्याकडं कमी नाहीत, त्यांना हे कडवं समजावून सांगायला लागणार नाही. पुढं सातव्यात नवराबायकोचं जमणं तंतुवाद्यांच्या मेळासारखं म्हटलंय, ती ओळ अजून लग्नाच्या शुभेच्छांत वापरतात.

तिसरं कडवं मी मुद्दाम मागं ठेवलं. त्यात एक पक्षी येतो, माळावर उतरलेला, आणि ओळ म्हणते की भाऊ अडचणीत धावतात. तो पक्षी म्हणजे आपला धोबी, परीट. हिवाळ्यात कंबर तलावाच्या कडेला गेलात तर चिखलात, दगडांवर हमखास दिसतो, पांढरा-काळा, चिमणीपेक्षा अंगानं सडपातळ, लांब शेपूट, आणि ती शेपूट एक सेकंद स्थिर नाही. दोन पावलं पळणार, थांबणार, शेपटी वरखाली, परत पळणार, उडाला की लाटेसारखा वरखाली जात चिर्र-चिर्र करत राहणार. कपडे आपटणाऱ्या परटासारखी शेपटी हलते म्हणून आपल्याकडं ते नाव पडलं. चिनी टीकाकारांनी हेच बघितलं आणि वेगळं काढलं. त्यांचं म्हणणं, हा उडताना ओरडतो, चालताना अंग हलवतो, ह्याला गप बसवतच नाही, भाऊ संकटात असला की माणसाचं असंच होतं. आणि हा पाण्याकाठचा पक्षी, तो कोरड्या माळावर दिसला म्हणजे जागा चुकलेला, म्हणून तो आपल्या जातीच्यांना हाका मारतोय. मी तलावावर त्याला बऱ्याचदा बघितलंय, पण हे वाचल्यावर बघायला गेलो तर नजरच बदलली. त्या श्वानझोंगाच्या राजवाड्याच्या झाडांवरपण एकदा हजारेक धोबी येऊन दहा दिवस राहिले, त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला लेख आजही तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममधे आहे. ह्या पक्ष्यावरनं तयार झालेला शब्द कँटोनीजमधे "लिंग-युन", माळावरचा धोबी, आणि भाऊ गेल्यावरच्या शोकसंदेशात तो वापरतात. तय-वा आनंदाच्या बाजूला, लिंग-युन दुःखाच्या बाजूला, दोन्ही एकाच कवितेतले.

आता कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, सोलापूरचा. १९३७ ला जपाननं चीनवर मोठा हल्ला केला, कम्युनिस्ट सेनापती जू त ह्यांनी नेहरूंना डॉक्टर पाठवा म्हणून लिहिलं, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, आणि १९३८ मधे पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. सप्टेंबर १९३८ मधे ते ग्वांगझौला उतरले, म्हणजे जुनं कँटन. तर आपल्या सोलापूरच्या डॉक्टरनं चीनच्या भूमीवर आसपास जी बोली ऐकली असेल ती कँटोनीज, ही गोष्ट माझ्या फार लाडकी आहे. पुढच्या महिन्यात, २१ ऑक्टोबरला, ते शहर जपान्यांच्या हातात गेलं.

पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच अक्षर लावलं, वा, मँडरीनमधे ह्वा, कारण तेच अक्षर चीन देशासाठीपण वापरतात. अक्षर एक, अर्थ फूल, वैभव आणि चीन. कोटणीस ह्यातला को घेतला ख साठी, आणि टणीसमधला ट घेतला ती साठी, आणि त्या ती साठी जे अक्षर निवडलं ते हे झाडवालं. तीच्या आवाजाची चिनीत ढिगानं अक्षरं आहेत, जमीन, शत्रू, सम्राट, काहीपण निघतं. इथं झाड आलं आणि त्याला लागून वा आलं. कविता पाठ असलेला माणूस ते नाव वाचताना तय-वा वाचल्याशिवाय राहूच शकत नाही. कँटोनीजमधे पूर्ण नाव होतं "ऑ तय वा", पहिल्या अक्षरातला ख तिथं नुरलाच, त्यामुळं कोटणीसातला को ऐकू येत नाही, पण तय-वा स्वच्छ ऐकू येतं.

आणि काळ कुठला ते बघा. त्याच सुमाराला कुओमिंतांग (तेव्हाचा सत्ताधारी राष्ट्रवादी पक्ष) आणि कम्युनिस्ट, एकमेकांच्या रक्ताला चटावलेले, जपानविरुद्ध एक झाले होते आणि त्या एकजुटीसाठी जी जुनी ओळ सारखी वापरली जायची ती ह्याच कवितेतली, भिंतीआड भांडणाऱ्या भावांची. त्या लढाईत हा बाहेरचा माणूस गेला, कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत राहिला, १९४१ मधे बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचा प्रमुख झाला, तिथल्याच कुओ चिंगलान ह्या नर्सशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेला. वय ३२. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा, त्याचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत (हा मँडरीनमधला यिन, वरच्या गुणीवाल्या यिनशी संबंध नाही) आणि ह्वा म्हणजे चीन. बापाच्या नावातलं शेवटचं अक्षर पोराच्या नावात तसंच आलं. (कँटोनीजमधे ते "यन-वा".) आ-सरांना मी सांगितलं की हा डॉक्टर माझ्या गावचा, तर त्यांनी स्क्रीनवर ती तीन अक्षरं काढली, मधल्या झाडाखाली रेघ मारली आणि पहिलं कडवं परत एकदा सावकाश म्हटलं.

मी सध्या आठही कडवी देवनागरीत उतरवतोय, सुरासाठी वर छोटे आकडे टाकून. झाली की इथंच टाकेन. तोपर्यंत एक विचारायचंय, खास करून सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आणि कन्नड घरातल्या वाचकांना. तुमच्याकडं अन्ना-तम्मुडु, अण्णा-तम्मा असे थोरल्या-धाकट्याचे वेगळे शब्द बोलण्यात आहेतच, पण जुन्या पत्रांत, आजोबा-पणजोबांच्या कागदांत, धाकट्या भावाला लिहिताना वेगळा काही मायना असायचा का? घरात तसं एखादं पत्र असेल तर मायन्याची ती एक ओळ मला लिहून कळवा, बाकीचं पत्र नको.